पुणे-दिल्ली सव्वादोन तास, मग धाराशिव-दिल्ली किती?

खरेदीच्या दौऱ्याचं बजेट कसं काढायचं यावर मी व्हिडिओ केला होता. त्यात प्रवासाच्या वेळेचा मुद्दा दोन मिनिटांत उरकला, कारण व्हिडिओ लांबत होता. पण माझं स्वतःचं सगळ्यात मोठं नुकसान त्याच मुद्द्यानं केलंय. म्हणून आज तो नीट लिहून काढतो. कागद-पेन घेऊन बसा, थोडं गणित आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो.

२०२३ चा जानेवारी महिना. संक्रांत तोंडावर होती आणि संक्रांत झाली की लग्नाचे मुहूर्त सुरू होतात, हे आपल्याकडच्या कापडवाल्याला सांगायला नको. आमचं दुकान कापड आणि रेडीमेड दोन्हीचं. लहान मुलांचे ड्रेस आणि जीन्स यांचा माल कमी पडला होता. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतलं तर नगाला वीस-तीस रुपये जास्त जात होते. मी ठरवलं, यावेळी थेट दिल्ली गाठायची. गांधीनगर. रेडीमेडचा एवढा मोठा होलसेल बाजार देशात दुसरीकडे क्वचितच असेल.

फोनवर बघितलं. पुणे ते दिल्ली, दोन तास दहा-पंधरा मिनिटं. रविवारी सकाळी सहाचं विमान, रात्रीच्याच विमानाने परत. मी खुशीत आण्णांना सांगितलं, "शनिवारी रात्री दुकान बंद करून निघतो, सोमवारी सकाळी शटर उघडायला हजर."

आण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. ते खुर्चीतून म्हणाले, "आरं, इमान दोन तासाचं हाय, पण इमानापतूर जायाला किती लागतंय ते सांग की."

मी हसलो. बीबीए केलेलं होतं ना.

शनिवारी रात्री नऊच्या ट्रॅव्हल्सने निघालो. पुण्यात तीनला उतरलो, चारला विमानतळावर. तिथे बोर्डावर आधी आठ वाजले, मग दहा, मग साडेबारा. दिल्लीत धुकं. विमान उडालं दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी. बाहेर पडून, शहर पार करून, यमुनेपलीकडे गांधीनगरला पोचलो तेव्हा साडेसात वाजलेले आणि शटर खाली येत होती. म्हटलं, ठीक आहे, उद्या करू. लॉजवाल्याने विचारलं, "उद्या काय करणार? सोमवारी मार्केट बंद असतं."

गांधीनगरची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. मी विमानाची वेळ मिनिटात बघितली होती, बाजाराचा वार बघितला नव्हता.

परतीचं तिकीट वाया गेलं. मंगळवारी खरेदी केली, महागाचं नवीन तिकीट काढलं आणि बुधवारी पहाटे धाराशिवला उतरलो. एका दिवसाची ट्रिप तीन दिवसांची झाली.

पण खरं नुकसान सोमवारी धाराशिवात झालं होतं. आमच्याकडे तीन पिढ्या बस्ता बांधणारं एक घर आहे. नाव घेत नाही. आजोबांच्या काळापासून त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता आमच्या गादीवर बसून बांधला गेला. त्या सोमवारी ते जीप भरून आले, बारा-पंधरा माणसं. दुकानात एका डोळ्याला पट्टी लावलेले आण्णा आणि नवीन लागलेला एक पोरगा. आण्णांना शिडीवर चढायला मनाई. पोराला कुठला गठ्ठा कुठे आहे ते माहीत नाही. त्यांनी तासभर वाट बघितली, चहा घेतला, आण्णांच्या तब्येतीची चौकशी केली आणि "परत येतो" म्हणून उठले. दीड लाखाच्या आसपासचा बस्ता त्याच दिवशी दुसऱ्या दुकानात बांधला गेला. त्यांची काही चूक नाही. लग्नघरातल्या माणसाला पुन्हा दिवस कुठून मिळणार?

आता गणिताकडे येऊ.

दोन शहरांमधलं हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून जाणारी सगळ्यात जवळची रेघ. ते तुम्हाला घरबसल्या काढता येतं. मोबाइलच्या नकाशावर एखाद्या ठिकाणी बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, कुठेही. रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाऊ तसा आखडत जातो. आपल्या धाराशिवच्या पट्ट्यात तो १०५-१०६ किलोमीटर भरतो, आणि इथून दिल्लीपर्यंतच्या हिशोबाला सरासरी १०२ धरला तरी चालतं. दोन्ही फरकांचे किलोमीटर करा, वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. शाळेतलं काटकोन त्रिकोणाचं गणित, दुसरं काही नाही.

धाराशिव १८.१८ आणि ७६.०४. दिल्ली विमानतळ २८.५६ आणि ७७.१०. उत्तर येतं साधारण १,१५७ किलोमीटर.

आता पुण्याचं करा. पुणे विमानतळ १८.५८ आणि ७३.९२. उत्तर येतं १,१५४.

बघितलंत? धाराशिव आणि पुणे, दोघांपासून दिल्ली सारखीच लांब. तीन किलोमीटरचा फरक. म्हणजे आपण रात्रभर अडीचशे किलोमीटर पश्चिमेला जातो आणि दिल्लीच्या एक पाऊलही जवळ जात नाही. मला हे कळलं तेव्हा मी आकडेमोड तीनदा तपासली. इतकी वर्षं डोक्यात पक्कं बसलेलं असतं की पुण्याला पोचलो म्हणजे अर्धी वाट सरली.

छत्रपती संभाजीनगरचं तसं नाही. तिथून दिल्ली साधारण ९८० किलोमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा पावणेदोनशे किलोमीटर कमी. धाराशिवहून रस्ता जवळपास पुण्याएवढाच पडतो आणि राष्ट्रीय महामार्ग ५२ सरळ बीडवरून जातो. वाशी, कळंबच्या मित्रांना तर तो आणखी सोयीचा. अडचण एकच, तिथून फेऱ्या मोजक्या. पुण्याहून दिवसभरात पर्याय भरपूर. एक विमान चुकलं तर दुसरं मिळण्याची शक्यता असते, आणि त्या शक्यतेलाही किंमत आहे.

उमरगा, नळदुर्गकडच्यांनी पुण्याचा हट्टच सोडावा असं माझं मत आहे. उमरग्याहून पुणे साडेतीनशेच्या घरात जातं, तर हैदराबादचं शमशाबाद विमानतळ सव्वादोनशेच्या आसपास. महामार्ग ६५ ने झहीराबाद, पटनचेरू आणि तिथून आउटर रिंग रोड. शहरात शिरायचीही गरज नाही. तरी आपली माणसं सवयीने पुणं गाठतात. नातेवाईक पुण्यात असतात हे एक कारण असेल, मान्य आहे.

आता वेळ. विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या आसपास वेगाने जातं. त्या हिशोबाने ११५४ किलोमीटरला दीड तासही लागू नये. मग तिकिटावर दोन तास दहा मिनिटं का? कारण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं तिथपासून ते दिल्लीत जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, वर चढताना कमी वेग, ठरलेल्या हवाई मार्गांची वळणं, दिल्लीवर उतरणाऱ्यांची गर्दी, उतरून पुन्हा जमिनीवरची वारी, हे सगळं त्यात आलं. वाऱ्याचाही हिशोब असतो. मुंबई-कोलकाता जाताना हिवाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, येताना तोच तोंडावर, म्हणून जाण्या-येण्याची वेळ वेगवेगळी छापलेली दिसते.

पण तिकिटावर जे छापलेलं नसतं ते आपल्या कामाचं. माझ्या दुकानापासून गांधीनगरच्या दुकानापर्यंतचा हिशोब मांडतो, सगळं सुरळीत झालं असं धरून. धाराशिव ते पुणे विमानतळ साडेपाच-सहा तास. विमानतळावर दोन तास आधी, कारण बहुतेक कंपन्यांचं काउंटर विमानाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि रात्रीच्या बसचा भरवसा किती ते तुम्हाला माहीत आहे. विमान सव्वादोन तास. उतरून बॅग घेऊन बाहेर पाऊण तास. तिथून गांधीनगर सव्वा तास. झाले सव्वाबारा तास. सरळ रेघेचे ११५७ किलोमीटर भागिले सव्वाबारा, म्हणजे ताशी साधारण ९४ किलोमीटर. विमानाचा प्रवास, वेग चांगल्या रस्त्यावरच्या चारचाकीचा.

मग विमान वाईट का? अजिबात नाही. इथेच बरेच जण चुकतात. सव्वाबारा तास जास्त की कमी, हा प्रश्न नाही. त्यातले दुकानाचे तास किती, हा प्रश्न आहे.

माझं दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ, अकरा तास. पहाटेच्या विमानाने गेलो आणि त्याच रात्रीच्या विमानाने आलो तर जाण्या-येण्याचा सगळा प्रवास दुकान बंद असताना होतो. जातो फक्त खरेदीचा एक दिवस, अकरा तास. आता रेल्वे बघा. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने नवी दिल्ली सव्वीस-सत्तावीस तास. पहिला दिवस गाडीत, दुसरा बाजारात, तिसरा परत गाडीत. तेहतीस तास गेले. विमानाने दुकानाचे दोन दिवस वाचतात.

त्या दोन दिवसांची किंमत काढा. समजा लग्नसराईत तुमचा गल्ला रोज २५,००० आहे आणि मार्जिन २० टक्के. दिवसाला ५,००० सुटतात, दोन दिवसांचे १०,०००. विमानाचा एकूण खर्च, पुण्याची बस आणि टॅक्सी धरून, रेल्वेपेक्षा ८,००० ने जास्त असला तरी विमान स्वस्त पडलं. आता हेच आषाढात करा, किंवा पितृपक्षात. गल्ला रोज ६,०००. दिवसाला १,२०० सुटतात, दोन दिवसांचे २,४००. तेच ८,००० जास्त देऊन तुम्ही २,४०० वाचवताय. रेल्वेने जा, डबा बरोबर घ्या, वरच्या बर्थवर झोपा. आणि दुकान सांभाळणारा भरवशाचा माणूस असेल, निम्मा धंदा तरी होत असेल, तर वाचणारी रक्कमही निम्मी धरा. माझ्या एका प्रशिक्षणात हार्डवेअरवाल्या एका भाऊंनी हे गणित केलं आणि म्हणाले, "म्हणजे मी दर वर्षी चुकीच्या महिन्यात विमानाने जातोय." हो भाऊ.

आपल्याकडे एक फुकटचा दिवसही आहे. येळवस. त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात असतो, बाजार ओस पडतो. घरच्यांचा राग सहन करायची तयारी असेल तर प्रवासाला तो दिवस उत्तम. मी एकदा केलं. भज्जी आणि आंबिल चुकली, ते अजून ऐकवतात.

मुंबईचं गणित मात्र वेगळं आहे. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळाची कथा तुम्हाला माहीत आहे. साखर कारखान्याच्या चिमणीवरून वर्षानुवर्षं वाद, शेवटी जून २०२३ मध्ये चिमणी पाडली. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. तेव्हापासून मला विचारतात, "सर, आता मुंबई तासाभरात ना?"

धाराशिव ते मुंबई विमानतळ सरळ रेघेत ३४८ किलोमीटर. सोलापूर ते मुंबई साधारण ३६२. म्हणजे आपण पासष्ट-सत्तर किलोमीटर दक्षिणेला जाऊन मुंबईपासून थोडे लांबच जातो. दुकान ते दादर: सोलापूर विमानतळापर्यंत पावणेदोन तास, तिथे दीड तास आधी, विमान तासभर, बाहेर पडायला अर्धा तास, मुंबईची वाहतूक एक तास. पावणेसहा तास. रस्त्याने चारशे किलोमीटर, आठ तास तरी. सव्वादोन तास वाचले. पण कोणते तास? विमान दुपारचं असेल तर सकाळी दुकान सोडायचं, संध्याकाळी मुंबईत पोचायचं, तेव्हा होलसेलवाला गल्ला मोजत बसलेला. खरेदी दुसऱ्या दिवशी. म्हणजे एक दिवस प्रवासात गेलाच.

आणि आपल्याकडे लातूर-मुंबई रात्रीची गाडी आहे. धाराशिवला मध्यरात्रीच्या सुमारास येते, सकाळी मुंबई. दुकानाचे शून्य तास. तिकीट विमानाच्या मानाने काहीच नाही. कन्फर्म मिळालं तर माझं उत्तर रात्रीची गाडी. विमान कधी? आजारपण असेल, कोर्टाची तारीख असेल, डिस्ट्रिब्युटरने अचानक बोलावलं असेल. एखाद्या एजन्सीसाठी समोरासमोर बसायचं असेल तेव्हा सव्वादोन तासांनीही फरक पडतो. मुंबईहून पुढचं विमान धरायचं असेल तर सोलापूरचा विचार जरूर करा, फक्त मध्ये तीन-चार तासांची फट ठेवा.

धाराशिवची स्वतःची धावपट्टी आहेच. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळबरोबर तीही खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेली. नांदेडहून विमानं सुरू झाली, बंद पडली, २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्या धावपट्टीवरून दिल्लीचं तिकीट मिळेल या आशेवर यंदाचा हंगाम ठरवू नका. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग झाला तर सोलापूर स्टेशन गाठणं सोपं होईल, तेव्हा हा हिशोब मी पुन्हा करीन.

धुक्याचं एक सांगायचं राहिलं. डिसेंबरअखेर ते जानेवारी दिल्लीला पहाटेचं विमान घेऊ नका. खूप कमी दिसत असताना उतरायला विमानात तशी यंत्रणा आणि वैमानिकाला तसं प्रशिक्षण लागतं, आणि तरीही रांग साचतेच. त्या महिन्यात दुपारी पोचणारं विमान घ्या आणि एक रात्र मुक्कामाची धरा. दुकानाचा एक दिवस जास्त जाईल, पण तो आधीच ठरवलेला असेल.

आणि नियम माहीत करून घ्या. धुक्यामुळे उशीर झाला तर भरपाई मिळत नाही. पण एवढ्या अंतराच्या विमानाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. उशीर सहा तासांवर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातलं तुम्ही मागू शकता. त्या रविवारी मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर पैसे परत घेऊन मी दुपारची बस धरली असती, रात्री धाराशिवात असतो आणि सोमवारी सकाळी शिडीवर मीच असतो.

मालाचं थोडक्यात. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो बॅग आणि ७ किलो हातात. सॅम्पल आणा, गठ्ठे ट्रान्सपोर्टने. त्याचे आठवडाभर धरूनच खरेदीची तारीख ठरवा. आणि वार बघा. गांधीनगर आणि करोलबाग सोमवारी बंद, दिल्लीचं सदर बाजार रविवारी, सुरतचं कापड मार्केटही रविवारी.

आता मी दौरा ठरवताना पहिला फोन तिकिटासाठी करत नाही. तारखेचा कागद घेऊन आण्णांजवळ बसतो. कुणाच्या घरात लग्न ठरलंय, कोण बस्त्याला कधी येईल, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांनी खुणा केल्या की उरलेल्या दिवसांतून मी वार बघतो, मग विमान.

त्या घरात मागच्या महिन्यात धाकट्या मुलीचं ठरलं. मी स्वतः जाऊन सुपारीचा मान देऊन आलो. बस्त्याचं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आण्णांनी कागदावर त्या आठवड्याच्या सातही दिवसांवर खूण केली आहे, आणि मी दिल्ली पुढच्या आठवड्यात ढकललीय.